पिशवीनं मान वळवली

१

आधी बघावं पिशवीला, मग उचलावं पाऊल,
वारा बोलतो हळूच, त्याची घ्यावी गं चाहूल.
वास आला तर भ्यावं, वास गेला तर पळावं,
पिशवी सांगेल ते बाई, आईचं म्हणून पाळावं.

हा आवाज तपासनीस बाईंच्या कानात कित्येक वर्षं मुक्कामाला होता. तेव्हा त्या नोकरीत नव्या होत्या. पत्र्याच्या शेडमध्ये बाकं मांडलेली, आणि समोर एक उंच, काटकुळा माणूस खडूचे हात पँटला पुसत सुरक्षेचे नियम चक्क गाऊन दाखवत होता, पाळणा म्हणावा तसा. वर्गातली पोरं फिदीफिदी हसली. तो रागावला नाही.

"हसा, हसून घ्या. घाबरला की माणूस वाचलेलं विसरतो. गायलेलं विसरत नाही."

त्याला सगळे मास्तर म्हणत. वायूच्या विहिरींवर राबणाऱ्या कितीतरी जणांना त्यानं जिवंत राहायला शिकवलं होतं. जमिनीच्या पोटातून येणारा तो वायू विषारी. सडक्या अंड्यासारखा त्याचा वास. पण फार झाला की तो आधी नाकच मारतो. वास येईनासा होतो आणि माणसाला वाटतं, टळलं संकट. म्हणून विहिरीजवळ उंच खांबावर नारिंगी कापडाची लांब पिशवी लावतात. वारा तिच्या तोंडातून शिरतो, ती फुगते, आणि तिची शेपटी जिकडे, तिकडे वारा चाललेला असतो. आपण त्याच्या उलट पळायचं. संपलं शिक्षण.

आणि तेच मास्तर परवा दुपारी विहिरीमागच्या खडकापाशी मेलेले सापडले होते.

पिशवीची शेपटी त्या वेळी खडकाकडेच होती, असं सगळे सांगत होते. कामावरचे झाडून सारे उलट दिशेला, फाटकाकडे पळाले आणि वाचले. एकटे मास्तर वाऱ्याबरोबर गेले. गुडघ्यांवर बसलेले, दोन्ही हात तोंडाभोवती धरलेले, लांबच्या कुणाला हाक मारावी तसे. श्वासाचा मुखवटा गळ्यात लोंबत होता. निसटलेला नव्हता. पट्टा नीट सैल करून, आपल्या हातानं खाली ओढलेला.

बाई गाडीतून उतरल्या तेव्हा आवारात इतकी शांतता होती की पत्रा उन्हानं तडकलेला ऐकू यावा. फाटकाशेजारचा खांब उघडा उभा होता. त्यावर पिशवी नव्हती. त्या उघड्या खांबाखालून जाताना कामगार मान वर करत नव्हते. घाईनं जात होते, जणू वरून कुणीतरी बघतंय.

२

साइटप्रमुखाला कामगार पाठीमागे 'आत्ताच' म्हणत, कारण त्याला जे हवं ते आत्ताच हवं असे. त्याच्या खोलीच्या खिडकीवर घोंगडं टांगलेलं होतं. बाईंनी दिव्याच्या बटणाकडे हात नेला.

"नको, नको! राहू द्या मॅडम." तो जवळजवळ ओरडलाच. मग हसला. "झोप नाही हो. दिव्याभोवती नुसती इंद्रधनुष्यं नाचतात. बसा ना."

बाई अंधारात चाचपडत बसल्या.

"मास्तर गेले, फार वाईट झालं," तो म्हणाला. "पण चूक त्यांचीच. जन्मभर लोकांना शिकवलं आणि ऐन वेळी स्वतः चुकले. वय झालं होतं. एका माणसाची चूक, एवढंच लिहायचंय तुम्हाला. सही केलीत की उद्या सकाळी विहीर उघडतो."

"आणि नाही केली तर?"

"का नाही करणार?" त्याचा आवाज मऊ झाला. "एक महिना चाचणी चालली. रोज दुपारचा पिशवीचा फोटो तुमच्याच कचेरीत येत होता. वारा वस्तीकडे असेल तर काम बंद, असा नियम. एकदा तरी शेपटी वस्तीकडे दिसली? आम्ही नियम मोडला?"

नव्हती दिसली. फोटो बाईंच्याच टेबलावर येत होते. चाचणीत विहिरीतून वर येणारा वायू उंच नळावर जाळून टाकतात, तरी सगळा जळतोच असं नाही. म्हणून तो नियम. फाटकाच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर वस्ती होती. घरं, शाळा, अंगणातले झोपाळे. बाईंची सही झाली की उद्या सकाळी त्या घरांच्या शेजारी तो नळ पुन्हा पेटणार होता.

"त्या दिवशी नळावरची ज्योत विझली कशी?"

"वारा अचानक फिरला. ढग आले होते ना. ज्योत गेली आणि न जळलेला वायू खाली बसला. आम्ही लगेच विहीर बंद केली."

"तुम्ही तेव्हा कुठे होतात?"

"फाटकापाशी. पहिल्यापासून. सगळ्यांबरोबर."

"आणि पिशवी?"

अंधारात त्याच्या डोळ्यांतलं पाणी तेवढं चकाकलं.

"फाटली," तो म्हणाला. "टाकून दिली."

३

यंत्रांचे काटे बघणारी इंजिनिअर चाचणीपुरतीच आलेली होती. कोवळी पोर, पहिलीच नोकरी. केबिनच्या पायरीवर उन्हात बसली होती. आत एकटीला बसवत नाही म्हणाली.

"मॅडम, ते आम्हाला बोलावत होते."

"कोण?"

"मास्तर." तिनं गुडघे छातीशी घेतले. "भोंगा झाला. मी पिशवी बघितली, शेपटी खडकाकडे. मास्तरांचं गाणं डोक्यात वाजलंच. मी फाटकाकडे पळाले, माझ्यामागून पोरं. आणि तिकडून, खडकाकडून, आवाज आला. 'अरे तिकडे कुठे? मराल! इकडे या! इकडे!' मी थबकले हो. त्यांचं ऐकायचं की त्यांच्या गाण्याचं?"

"मग?"

"गाण्याचं ऐकलं. ते ओरडत राहिले. मग आवाज बारीक होत गेला. लहान मूल झोपेत बोलतं ना, तसा. मग थांबला. पोरं म्हणतात तो मास्तरांचा आवाज नव्हताच. मास्तर आधीच गेलेले होते, आणि विहीर त्यांच्या आवाजात आम्हाला बोलावत होती. त्या बाजूला आता कुणी पाऊल टाकत नाही."

बाईंच्या अंगावर काटा आला. भर दुपारी, लख्ख उन्हात.

त्यांनी पोरीची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. डोळे रडून सुजलेले, पण बुबुळं धुतलेल्या काचेसारखी स्वच्छ. थेट उन्हाकडे तोंड करूनही ती डोळे नुसते किलकिले करत होती.

"तुमचे साहेब होते तुमच्याबरोबर फाटकापाशी?"

"होते की. म्हणजे... नंतर होते. खोकत होते. आधी बघितल्याचं आठवत नाही." ती कुजबुजली, "पण खरी गोष्ट वेगळीच आहे मॅडम. ती पिशवी. मी सांगितलं तर म्हणाल पोरीला वेड लागलंय. आचारीदादांना विचारा."

४

आचारी कांदे चिरत होता. डोळे लालबुंद.

"माझ्या डोळ्यांकडे नका बघू बाई," तो म्हणाला. "हे बारमाही असेच. माणूस मेला म्हणून कांदा काही सुट्टी देत नाही." मग सुरी थांबली. "पिशवीचं विचारायला आलात ना? सांगतो. हसायचं नाही."

त्याच्या खिडकीतून खांब समोर दिसत होता.

"महिनाभर मी तिला बघतोय. कधी हलली नाही. पाऊस नाही, वारा नाही, तरी फुगलेली. लाकडाची असावी तशी. म्हटलं, बाबा, तिकडं वर वेगळा वारा असेल. आणि त्या दिवशी सकाळी बघतो तर... श्वास घेत होती."

"म्हणजे?"

"फुगायची, पडायची. फुगायची, पडायची. छाती असावी तशी. आधी शेपटी वस्तीकडे होती. मग ढग आले, आणि मी इथून बघताना तिनं हळूच मान वळवली. खडकाकडे. कुणीतरी नाव घेऊन हाक मारल्यासारखी." त्यानं कांद्याचं साल उगाच चुरगळलं. "मग दुपारी मास्तर त्याच बाजूला गेले. तिनं जागा दाखवली, दुसरं काय?"

"मास्तरांनी नाही बघितलं तिच्याकडे?"

"ते तर महिनाभर मान खाली घालून चालायचे. त्या खांबाखालून जाताना तर अशी, बघा, छातीत घातलेली. मी विचारलं, मान धरलीय का? म्हणाले, हो, आतून."

"जेवायला इथेच?"

"पूर्वी घरून डबा यायचा, थोरल्या बहिणीच्या हातचा. इथेच वस्तीत राहतात दोघं. पण महिनाभर घरात अबोला. काय बिनसलं देव जाणे. मला म्हणायचे, तुझ्या हातात मीठ जास्त, पण जीभ कमी चालते तुझी, म्हणून इथे जेवतो." आचाऱ्यानं बाहीनं डोळे पुसले, आणि ते कांद्याचं नव्हतं. "शेवटच्या दिवशीही माझ्याच हातचं जेवून गेले."

बाई खांबापाशी गेल्या. खांब बुडाशी बिजागरीवर होता. खुंटी काढली की एका माणसाला आडवा करता यावा, कापड विटलं तर बदलायला. त्यांनी तो आडवा केला. वर पिशवी अडकवायचं कडं. एरवी ते बोटाच्या धक्क्यानं फिरतं. फिरलंही. पण कड्याच्या मानेवर गोल वळ उठले होते, ताजे, चकचकीत. तार करकचून आवळलेली असावी आणि नुकतीच कुणीतरी सोडवली असावी तसे.

फाटकवाला मागे येऊन उभा राहिला.

"त्या दिवशी सकाळी बाहेरचं कोण आलं होतं?"

"चिटपाखरू नाही मॅडम. माझी नजर चुकवून मुंगी जात नाही."

"मुंगीचं राहू द्या. कोण आलं?"

"पाण्याचा टँकर आला, तो मी मागे नेऊन लावला. भाजीची गाडी आली. मास्तरांचा डबा आला. बस्स."

बाईंनी मान डोलावली आणि चार पावलं चालून त्या थांबल्या. मग वस्तीच्या वाटेला लागल्या.

५

मास्तरांचं घर वस्तीच्या कडेला, पहिलंच. दारातून विहिरीचा मनोरा दिसे. आतून शिलाई मशीनचा आवाज येत होता. ताई पाठमोऱ्या बसून मशीन चालवत होत्या. पांढरे केस, वाकलेली पाठ, पायांची एक लय. बाई जवळ गेल्या. सुईत दोराच नव्हता. कापडावर नुसती भोकांची रांग उमटत चालली होती.

"ताई."

"ये गं. बस." पाय थांबले नाहीत. "तू त्याची विद्यार्थिनी ना? तुझं नाव घ्यायचा. म्हणायचा, एकच पोरगी होती ती हसली नाही."

दोन भिंतींमध्ये उकडत होतं तरी खिडकी घट्ट बंद होती.

"उघडू का जरा?"

"नको. दुपारी वारा आत येतो. रोजचंच आहे, या दिवसांत दुपार झाली की तिकडून इकडे."

खिडकीच्या काचेतून अंगण दिसत होतं. दोरीवर चादर वाळत होती. ती भिंतीकडे फुगून फुगून येत होती, विहिरीकडून घराकडे.

"वास येत होता, ताई? चाचणी चालू असताना?"

"यायचा आधी. डोकं धरायचं." पाय क्षणभर अडखळले. "शेवटच्या आठवड्यात येईनासा झाला."

वास गेला तर पळावं. बाईंनी भिंतीला हात टेकला. या घरात, शेजारच्या घरात, शाळेत, माणसं वास गेला म्हणून निर्धास्त झोपत होती.

"ती चाल माझी आहे," ताई एकदम म्हणाल्या. "त्याच्या गाण्याची. आई गेली तेव्हा तो एवढासा होता. रडायचा थांबायचा नाही. मग मी चिंधी काठीला बांधून अंगणात धरायची आणि म्हणायची, बघ, वारा कुठं चालला? त्याला तेवढंच कळायचं. भाऊ म्हणतात लोक. माझं पोरच होतं ते."

"विहिरीवरच्या पिशव्या तुम्हीच शिवायच्या ना?"

मशीन थांबलं.

"विटली की शिवायची," ताई म्हणाल्या. "बाकी मला काही माहीत नाही." आणि पुन्हा पाय चालू झाले. भोकांची रांग कापडाच्या काठावरून खाली उतरली तरी ते थांबले नाहीत.

बाहेर येऊन बाईंनी गाडीत बसून फोनवर फोटो उघडले. महिनाभराचे. नारिंगी पिशवी, भर दुपारी, शेपटी खडकाकडे, वस्तीपासून लांब. त्यांनी एकामागून एक सरकवले. प्रत्येक फोटोत पिशवीच्या मधोमध एक खोलगट सुरकुती होती. तीच. त्याच जागी. ढगाळ दिवशी, कडक उन्हात, रोज तीच एक सुरकुती, चेहऱ्यावरच्या व्रणासारखी.

कचेरीत चहा पिताना हेच फोटो त्यांनी बघितले होते आणि बाजूला ठेवले होते.

६

या वेळी बाईंनी विचारलं नाही. खोलीत गेल्या आणि खिडकीवरचं घोंगडं ओढून काढलं. उन्हाचा पट्टा आत पडला. आत्ताच साहेब दोन्ही हातांनी डोळे झाकून किंचाळला.

"कांदा चिरलात का?" बाईंनी विचारलं. "का झोप नाही? झोप नसलेला माणूस उजेडानं असा पोळत नाही. दिव्याभोवती इंद्रधनुष्यं त्यालाच दिसतात ज्याच्या डोळ्यांत तो वायू गेलाय. तुमच्या इंजिनिअरचे डोळे स्वच्छ आहेत. ती फाटकाकडे पळाली. तुम्ही आधी खडकाकडे पळालात, मास्तरांबरोबर. तोंडावर झोंबल्यावर परत फिरलात, धावत."

"घाबरल्यावर माणूस कुठेही पळतो."

"नवी पोरगी घाबरली तरी पिशवी बघून पळाली. पोरं पिशवी बघून पळाली. ज्यांना काही माहीत नव्हतं ते सगळे वाचले. चुकीच्या बाजूला गेले दोघंच, या विहिरीवरचे दोन सगळ्यात जाणते. असं कधी होतं? त्या दोघांना ठाऊक असेल की पिशवी खोटं बोलते, तेव्हाच."

तो उजेडाकडे पाठ करून बसला.

"रोज दुपारी वारा वस्तीकडे जातो. मी आत्ता ताईंच्या अंगणातली चादर बघून आले. नियमानं रोज दुपारी काम बंद पडलं असतं. म्हणून तुम्ही पिशवीच्या आत तारेची कडी शिवून घेतलीत, कायम फुगलेली दिसावी म्हणून, आणि कड्याची मान तारेनं आवळलीत. माझ्या टेबलावर महिनाभर एकच सुरकुती येत होती. मघाशी तुम्हीच म्हणालात, वारा अचानक फिरला. कुठून फिरला? फोटोत तर तो महिनाभर खडकाकडेच होता."

"मास्तर कबूल होते," तो पुटपुटला. "मी म्हटलं, चाचणी अडली तर विहीर बंद, सगळी पोरं घरी. आणि जळूनच तर जातो वायू, वस्तीत काय पोचतं? ते मानले. चार दिवस जेवले नाहीत, पण मानले."

"आणि मग मान खाली घालून चालायला लागले. भोंगा झाला तेव्हा त्यांनी पिशवीकडे बघितलंच नाही. खोट्या तोंडाकडे काय बघायचं? रोजच्या सवयीनं त्यांना वाटलं, वारा वस्तीकडे चाललाय, खडकाची बाजू सुरक्षित. आणि पोरं फाटकाकडे पळताना दिसली. मीच शिकवलेल्या गाण्यापायी ही पोरं मरताहेत, असं वाटलं त्यांना. म्हणून मुखवटा खाली ओढला. हाका मारायला. विहिरीनं त्यांचा आवाज घेतला नव्हता. तो त्यांचाच होता, शेवटपर्यंत."

त्याचा श्वास घरघरत होता. मग त्यानं डोळ्यांवरचे हात काढले. बाई चमकल्या. तो भ्यालेला होता, आणि बाईंना भ्यालेला नव्हता.

"सगळं बरोबर," तो कुजबुजला. "पण वळवली कुणी? मी नाही. मास्तरांनी नाही. गडबड शमल्यावर मी ती उतरवली. तेच कापड, तीच शिवण, तोच हात. पण आत कडी नव्हती. तार नव्हती. महिनाभर जी मेलेली होती ती त्या दिवशी जिवंत कशी झाली, मॅडम? मी जाळली तिला. आत्ताच्या आत्ता जाळली. जळताना फुगली हो ती."

बाई उभ्या राहिल्या.

"आणि म्हणून तुमच्याकडे काही नाही," तो सावरून म्हणाला. आवाजात जुनी धार परत येत होती. "डोळे आले म्हणेन मी. सुरकुती म्हणजे कापडाची खोड म्हणेन. तार लावलेली पिशवी दाखवा, आहे? नाही ना. मग उद्या सकाळी विहीर उघडणार."

तोच हात, असं तो म्हणाला होता. बाई बाहेर आल्या आणि फाटकवाल्यासमोर उभ्या राहिल्या.

"मास्तर महिनाभर आचाऱ्याच्या हातचं जेवत होते. त्या दिवशीही तिथेच जेवले. मग डबा कसला आला?"

"आता मला काय ठाऊक? आला डबा."

"डबा पायांनी येत नाही."

"अहो, ताई घेऊन आल्या. पिशव्याही त्याच बदलतात नेहमी. तुम्ही बाहेरचं कोण म्हणून विचारलंत. ताई काय बाहेरच्या?"

७

ऊन उतरलं होतं. दोरीवरची चादर आता हलत नव्हती. बाई ताईंच्या पायरीवर बसल्या आणि किती तरी वेळ त्यांना आत जायचा धीर झाला नाही. विचारलं तर काय कळून चुकेल या म्हातारीला? आणि नाही विचारलं तर उद्या ही सगळी वस्ती वाऱ्याखाली. अंगणापलीकडे दोन लहान मुली झोपाळ्यावर गात होत्या. चाल ओळखीची होती.

मशीन बंद झालं. ताई दारात आल्या. हातात जेवणाचा मोठा डबा होता.

"कधीची बसलीयस. आत ये म्हणायची वाट बघतेस का?"

"ताई, तुम्ही काही सांगू नका," बाई भडाभडा बोलल्या. "मला फक्त जुनी पिशवी द्या. कुठे मिळाली ते मी लिहिणार नाही. तुमचं नाव नाही घालणार."

"नाव नाही घातलंस तर तो 'आत्ताच' साहेब म्हणेल, भुतानं शिवली." ताई पायरीवर टेकल्या. त्यांनी डब्याचं झाकण काढलं. आत नारिंगी कापड घड्या करून दाबलेलं होतं. बोटानं दाबलं की आतली तार परत उसळत होती. मधोमध एक खोल सुरकुती. "घे. जाळायला काढली होती. हात चालला नाही. त्याच्यासाठी शिवलेली ना."

"त्यांनी सांगितलं होतं शिवायला?"

"म्हणाला, ताई, आत कडी घाल, लांबून दिसायला हवी. मी घातली. मला काय ठाऊक! मग एके दुपारी चादर वाळत घालताना बघते तर चादर इकडे, पिशवी तिकडे. मी त्याला विचारलं. तो भिंतीकडे तोंड करून झोपला. त्या दिवसापासून आम्ही बोललो नाही." झोपाळ्यावरच्या मुली हसल्या, ताईंनी तिकडे बघितलं. "ही धाकटी दुपारी घेरी येऊन पडायला लागली. मग मी नवी शिवली. बिनतारेची."

"आणि डब्यात घालून नेलीत."

"तो फाटकवाला टँकरमागे गेला तेवढ्यात खांब आडवा केला. तार सोडवली. जुनी डब्यात, नवी वर." ताईंनी हाताची बोटं एकमेकांत गुंतवली, त्यांवर तारेचे बारीक ओरखडे होते. "वाटलं, त्याला कळलं तर परत खोटी लावील. साहेबाला घाबरतो तो. म्हटलं, आज दिवसभर खरी राहू दे, सगळी वस्ती बघू दे. रात्री त्याला आवडतं ते करीन, वाढताना सांगीन, आणि मग काय रागवायचं ते रागव म्हणावं."

बाईंनी त्यांचा हात धरला. तो थंड होता.

"दुपारी इथवर ऐकू आला तो," ताई म्हणाल्या. "'इकडे या, इकडे या.' सगळे म्हणाले विहीर बोलतेय. मी ओळखला ना आवाज. कुठून येतोय तेही कळलं, वारा कुठे चाललाय तेही दिसत होतं. मी अंगणात उभी राहून ओरडले, अरे, वर बघ, वर बघ एकदा. वारा माझ्याकडून त्याच्याकडे जात होता, तरी पोचलं नाही."

झोपाळा थांबला. मुली घरात गेल्या. ताईंनी डबा बाईंच्या मांडीवर ठेवला आणि झाकण आपल्या हातात ठेवून घेतलं.

"लिही," त्या म्हणाल्या. "साऱ्या वस्तीसाठी मी खरी पिशवी लावली. आणि लावलीय एवढं त्याला मात्र सांगितलं नाही."